पापण्यांवरचं दव

डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी सात झोपड्यांची एक इवलीशी वाडी होती. तिथं मंजी राहायची. तिला वडील नव्हते. आई दिवसभर रानात लाकडं गोळा करायची आणि मंजी धाकट्या बाळूला सांभाळायची. पण महिना झाला, बाळूचं पोट सारखं दुखत होतं. त्याचे गोबरे गाल पार सुकून गेले होते. "भागूआजीची नजर लागली," वाडीतली माणसं म्हणायची. भागूआजी टोकाच्या झोपडीत एकटीच राहायची, कुणाशी फार बोलायची नाही.

एका सकाळी मंजी बाळूसाठी औषधाचा पाला शोधायला रानात गेली. करवंदीच्या जाळीत काहीतरी लुकलुकत होतं. वाकून पाहते तर बोटभर उंचीची परी. तिचे मोरपंखी पंख काट्यांत अडकले होते. मंजीने एकेक काटा हळूच सोडवला. बोटं रक्ताळली, पण नाजूक पंखांना तिने ओरखडाही उठू दिला नाही.

"तुला काय हवं, बाळ?" परीने विचारलं.

"माझा भाऊ बरा होऊ दे."

"ते माझ्या हातात नाही गं. पण मी तुला वेगळं पाहायला देईन." परीने जांभळ्या फुलातला दवाचा टपोरा थेंब उचलला. "हा पापण्यांना लावला की मनाची बंद दारं उघडतात. पण नियम ऐक. जे दिसेल, ते नंतर स्वतः जाऊन तपासायचं. तोवर कुणाला सांगायचं नाही. या दवात खरं आणि खोटं सारखंच चमकतं."

मंजीने डोळे मिटले, उघडले. झाडं हळूहळू श्वास घेत होती. पाखरांचं गाणं सोनेरी ठिपके होऊन हवेत तरंगत होतं. ओढ्यातून एक काळसर धागा निघाला आणि थेट दूर घरी निजलेल्या बाळूच्या पोटात शिरताना दिसला. मग भागूआजी दिसली. तिच्या लाललाल डोळ्यांतून धूर निघत होता. मंजीला इतकी खात्री आजवर कशाचीच वाटली नव्हती.

ती धावत घरी आली. अंगणात माणसं जमली होती. "आजच म्हातारीला वाडीबाहेर काढू," गणूकाका म्हणाला. "मंजे, तुला काय वाटतं?"

शब्द मंजीच्या अगदी ओठांवर आले होते. तिने ते गिळले. "काका, थोडं थांबा. मी आधी बघून येते."

तिने भागूआजीच्या दारातून डोकावलं. आत ओल्या लाकडांची चूल नुसती धुमसत होती.

"कोण गं? धुराने डोळे पार गेले माझे," आजी लाल डोळे पुसत म्हणाली. "मंजी होय? बाळूसाठी डाळिंबाची साल उकळून ठेवलीय. पण तुमच्या दारात यायचा धीर होत नाही, हाकलतात सगळे."

मंजीने आजीचा हात घट्ट धरला.

मग तो काळसर धागा आठवून ती ओढ्याकाठाने वर चढत गेली. दोन वळणांपलीकडे, पाण्यातच एक मेलेलं सांबर कुजत पडलं होतं. आता मात्र तिने सगळ्यांना हाका मारल्या. माणसांनी ते ओढून काढून लांब पुरलं. घरोघरी पाणी उकळून प्यायला सुरुवात झाली. आठ दिवसांत बाळू अंगणात दुडुदुडु धावू लागला. गणूकाका खाली मान घालून आजीकडे सुकी लाकडं टाकून आला.

परी पुन्हा भेटली. तिच्या हातात दवाने भरलेली चिमुकली कुपी होती. "ही तुझी, मंजी."

"नको. त्यापेक्षा वाडीला एक झरा दे," मंजी म्हणाली. "आणि तो भागूआजीच्या दारात असू दे. म्हणजे सगळ्यांना रोज तिच्याकडे यावं लागेल."

परी खुदकन हसली. तिने उडत जाऊन आजीच्या दारातल्या कातळाला बोट लावलं. निळंशार पाणी झुळझुळत वर आलं. त्यावर रुपेरी उजेड पसरला, वाढत गेला आणि परी त्यातच विरून गेली.

उजेड ओसरला, तेव्हा गणूकाकाची बायको घागर घेऊन उभी होती. "आजी," ती अडखळत म्हणाली, "पाणी भरू का?"

"भर की," आजी म्हणाली, "पण आधी जरा बस."