हिरव्या पेशीचा हात

माणसांनी उंदरांच्या डोक्यात नुकताच उजेड पेरायला घेतला होता, तेव्हाची गोष्ट. प्रयोगशाळेतल्या एका उंदरिणीच्या जनुकांत त्यांनी असा बदल केला होता, की तिच्या मेंदूत नव्यानं जन्मलेली पेशी हिरवी चमकावी.

तशी एक जन्मली. आजूबाजूला म्हाताऱ्या पेशींची वस्ती होती. कुणी हात दिला तर जगायचं, नाहीतर वाळून जायचं, हा तिथला कायदा.

"आजी, हात दे ना."

"इथं नवीन कुणी जन्मतच नाही," थोरली आजी खेकसली.

"मग मी कोण?"

"तू? नुसता आगाऊपणा!"

तेवढ्यात माणसांनी उंदरिणीला पाण्याच्या टाकीत सोडलं. टेकायला पाण्याखाली एक फळी असायची, कायम खिडकीकडच्या बाजूला. आज ती हलवली होती. उंदरीण दमली, तरी म्हाताऱ्यांचं एकच, "खिडकीकडेच जा! आमचा अनुभव आहे!"

"अगं, फळी दाराकडे आहे! आत्ताच उंदरिणीचा पाय तिला घासला, मला कळलं!" पोरगी ओरडली.

कोण ऐकतंय? उंदरिणीच्या नाकात पाणी शिरलं, तेव्हा कुठे वस्तीतल्या एका मावशीनं घाबरून पोरीचा हात धरला. पोरीचा निरोप पुढे गेला, उंदरीण दाराकडे वळली आणि फळीवर उभी राहिली.

हात जुळताच हिरवा उजेड वस्तीभर पसरला. एवढं सुंदर काही तिथं कुणीच पाहिलं नव्हतं.

त्या उजेडात थोरल्या आजीनं पहिल्यांदाच आपल्या पायांशी पाहिलं. तिथं वाळलेल्या पोरींचा खच पडला होता, आणि प्रत्येकीचा हात तिच्याच दिशेनं पुढे आलेला होता.