सागाच्या टेकडीचा मालक

“एका टेकडीचे बारा मालक? अजिबात नाही!” राजा सूर्यभानाने मांडीवर थाप मारली. “बारा मालक म्हणजे बारा भांडणं, आणि ती सगळी माझ्याच दरबारात यायची. मला एक नाव सांगा!”

समोर बारा घरची माणसं हात जोडून उभी होती. पुरात त्यांची नदीकाठची घरं वाहून गेली होती. गावाबाहेरच्या, राजाच्या मालकीच्या सागाच्या टेकडीवर सगळ्यांनी मिळून वस्ती करायची, जमीन वाटून न घेता सगळ्यांची एकत्र ठेवायची, असं त्यांचं ठरलं होतं.

दिवाण गुंडोपंत राजाच्या कानाशी लागले. त्या टेकडीवरचे सरळसोट साग त्यांच्या डोळ्यांत भरले होते. नव्या हवेलीच्या तुळयांसाठी अगदी जोगे!

राजा म्हणाला, “आठ दिवसांत एकच मालक आणा. तो बाराही घरांना मान्य पाहिजे. त्याने जमीन विकता कामा नये, झाड तोडता कामा नये. नाही मिळाला, तर टेकडी दिवाणजींची!”

“असा मालक अजून जन्माला यायचाय!” गुंडोपंत मिशीत हसले.

खरं तर वस्तीचा सगळा बेत तयार होता. टेकडीवर राखेच्या रेघा मारून घरं आखून झाली होती. मध्ये झाड आलं की घर सरकवायचं, झाड नाही. विहीर एक, अंगण एक, दळणाची जाती एका छपराखाली. आणि ह्या बेतात सगळ्यांत जास्त खोडे घातले होते हौसाने. हौसा म्हणजे दीड वर्षाच्या पोरीची आई, सदा धास्तावलेली. तिचं प्रत्येक बोलणं ‘समजा’ने सुरू व्हायचं.

“समजा पाऊस कोसळला, तर पाणी कुणाच्या घरात शिरेल?” म्हणून वरच्या अंगाला चर आणि खाली तळं ठरलं. “समजा पोर रांगत विहिरीकडे गेलं?” म्हणून विहिरीला कठडा ठरला. “समजा चुलीची ठिणगी उडाली?” म्हणून कडब्याची गंजी लांब गेली. लोक तिला समजावहिनीच म्हणायचे.

आता मालक ठरवायला सगळे देवळात बसले. पुरापासून त्यांचा मुक्काम देवळाच्या ओसरीवरच होता.

“तात्याबांचं नाव देऊ,” कुणीतरी म्हणालं. “सगळ्यांत वडील.”

“समजा तात्याबा गेले, तर चारही मुलगे वाटण्या मागतील,” हौसा म्हणाली.

“अगं, मी इथंच बसलोय!” तात्याबा ओरडले.

“शंभर वर्षं जगा हो. पण समजा!”

“मग रामजी पैलवान?”

“समजा दिवाणजींनी त्यांना जेवायला बोलावलं?”

रामजीने मान खाली घातली. पुरणपोळीपुढे आपलं काही खरं नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

सात दिवस असेच गेले. “वहिनी, तुझ्या ह्या ‘समजा’पायी टेकडी जाणार!” रामजी शेवटी चिडलाच.

ओसरीवरच्या गार फरशीवर झोपून झोपून हौसाची पोर खोकत होती. तिने पोरीला मांडीवर घेतलं, आणि मनात नेहमीची धास्ती आली, समजा मलाच काही झालं, तर हिचं काय?

आणि ती ताडकन उठली. ह्याच धास्तीपायी तिने राजाची गेल्या वर्षीची दवंडी शब्दन् शब्द पाठ करून ठेवली होती!

“शेवंते! तुझं बाळ दे गं इकडं!”

आठव्या दिवशी सगळे दरबारात हजर झाले.

“आणला मालक?” राजाने विचारलं.

“आणला, महाराज.” हौसाने कुंची घातलेलं बाळ पुढे केलं. “ही चिमी, ह्या शेवंतीची लेक. आमच्यातली सगळ्यांत धाकटी. दिवाणजी म्हणाले, मालक अजून जन्माला यायचाय. तेवढंच चुकलं त्यांचं. तीन महिने झाले!”

दरबार खो खो हसला. राजा मात्र गुरकावला, “पोरखेळ करतेस?”

“मी कशाला? दवंडी तुमचीच! ‘अजाण लेकराची जमीन कुणी विकायची नाही, गहाण टाकायची नाही, तिच्यावरचं झाड तोडायचं नाही. थोरांनी नुसती राखायची.’ आम्ही बारा घरं राखू.”

राजाला आपलं बालपण आठवलं. तो लहान असताना त्याच्या चुलत्याने त्याची आमराई तोडून विकली होती. म्हणून तर त्याने ती दवंडी पिटवली होती.

“आणि ही मोठी झाल्यावर?” गुंडोपंत उसळले. “लग्न होऊन टेकडीसकट सासरी जाईल!”

“तोवर ही मालकीण राहतेय कुठं? वस्तीत पुढचं मूल झालं की मालकी त्याची. कायम सगळ्यांत धाकट्याची! पुढचा मालक तर निघालासुद्धा. रामजीभावजींच्या मंडळींना सातवा लागलाय.”

पैलवान लाजून खांबाआड गेला.

“बाराही घरांना मान्य?” राजाने विचारलं.

“आज ना उद्या आपलंच लेकरू मालक होणार, महाराज. नाही कोण म्हणेल?”

“बरं, आता माझं ‘समजा’ ऐक,” राजा पुढे झुकला. “समजा, वस्तीत पुढे पाळणाच हलला नाही?”

“तर टेकडी तुम्ही परत घ्या! जिथं लेकरूच नाही, तिथं राखायची कुणासाठी?”

राजा गडगडून हसला. “आणा रे सनद! मालकिणीचा हात उमटवा!” चिमीचा पंजा कुंकवात बुडवला, सनदेवर टेकवला, आणि उरलेलं कुंकू तिने दिवाणजींच्या पांढऱ्याशुभ्र उपरण्याला पुसलं.

“दिवाणजी,” राजा डोळे पुसत म्हणाला, “हवेलीसाठी साठवलेलं लाकूड ह्यांच्या छपरांना द्या. टेकडीवरचं तर तोडता येणार नाही! आणि हौसे, माझा लहानपणचा पाळणा घेऊन जा. टेकडीच्या मालकाला सिंहासन नको?”

चार भालदारांनी पाळणा आणला. हौसाने त्याच्या दोऱ्या ओढून पाहिल्या.

“महाराज, समजा ही दोरी तुटली...”

“द्या रे तिला आठ दोऱ्या!” पोट धरून हसत राजा सिंहासनावर कोसळला.