धोंड्याची लोकर

"...मग पहिल्या पाच वेळी कुठं गेली होती तुमच्या देवीची अक्कल?"

मेलितानं असं विचारलं आणि देवळातल्या बायका चपापल्या. सात महिन्यांची पोटुशी बाई, पण जीभ कशी? मिरचीला लाजवील अशी!

थियानोआई, तिथली म्हातारी पुजारीण, धोंड्याला तेल चोळत होती. ग्रीकांच्या देशात हा धोंडा मोठ्या मानाचा. क्रोनॉस देव आपलीच पोरं जन्मताच गिळायचा. पाच गिळली. सहाव्या खेपेला ऱ्हियादेवीनं बाळ लपवलं, दुपट्यात हा धोंडा गुंडाळला आणि नवऱ्याच्या हाती ठेवला. त्यानं बघितलंसुद्धा नाही, गिळला! वाचलेल्या त्या बाळानंच पुढे बापाला सगळं ओकायला लावलं. पाचही भावंडं जिवंत बाहेर आली आणि हा धोंडाही.

"बोला ना, आई."

"आधी सुचलं नसेल तिला."

"माझी तीन गेली..." मेलितानं पोटावर हात ठेवला. "तिघांची दुपटी मी विणली, तिघांबरोबर मातीत घातली. माझ्यासारखं विणणारी अख्ख्या गावात नाही. पण आता मागाला हात लावायचा नाही. विणलं की दृष्ट लागते. मला इथंच ठेवून घ्या. शिष्या करा."

म्हातारीनं तिला नीट न्याहाळलं. मग कच्च्या लोकरीची टोपली पुढे सरकवली.

"आज सण आहे. सणाला धोंड्यावर लोकर घालतात. घाल."

मेलितानं लोकर चिमटीत धरली, ओढून पाहिली. सवय कुठली जाते?

"अगं बाई, इतकी मऊ! अशी लोकर धोंड्याला? हिचं तर..."

तिनं लोकर पटकन टोपलीत टाकली.

"हिचं काय?"

"...काही नाही."

थियानो तेलाचे हात पुसत जवळ येऊन बसली.

"पोरी, एक सांग. क्रोनॉस दारात उभा. हात पुढे केलेला. त्या घाईत ऱ्हियाच्या हाताशी दुपटं आलं कुठून?"

"विणून ठेवलेलं असेल."

"कुणासाठी?"

"बाळासाठीच..."

"पाच गेल्यावर?"

मेलिता धोंड्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि पोटावरचा हात आपोआप लोकरीत गेला.

म्हातारीनं अख्खी टोपली उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

"पण आई, आज सण... धोंडा उघडा राहील!"

"राहू दे. त्याला थंडी वाजत नाही."