ओढ्याकाठी उभी राहिलेली माणसं

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते मोजायचा आता सांगणाऱ्यालाही कंटाळा आला आहे.

एका डोंगरावर एक गाव होतं आणि पायथ्याला दुसरं. वरच्या गावात मदत मागणं म्हणजे लाज. म्हणून कुणी अडलेला दिसला की माणसं न बोलावता धावायची. खालच्या गावाची रीत उलटी. न विचारता कुणाच्या कामाला हात लावणं म्हणजे त्याला दुबळा म्हणणं. हाक आली, की मात्र तीच माणसं भरल्या ताटावरून उठायची. दोन्ही गावं मनाने चांगली होती, हेच तर दुःख.

वरच्या गावची एक म्हातारी कुंभारीण गाढवावर मडकी लादून खालच्या बाजाराला निघाली. तिला ना नवरा, ना मूलबाळ. गाढव चाललं तरच तिची चूल पेटायची.

खालच्या गावाच्या ओढ्यात गाढव चिखलात रुतलं. म्हातारीने मडकी उतरवून काठावर ठेवली, दोर ओढला. गाढव आणखीच खाली गेलं.

काठावर माणसं जमली. म्हातारीला हायसं वाटलं. आता उतरतील, ती मनात म्हणाली. कुणी उतरलं नाही. एकाने धावत जाऊन घरून दोरखंड आणला, आणि तो खांद्यावर टाकून तसाच उभा राहिला.

'काय दगडाच्या काळजाची माणसं!' म्हातारीने ओठ घट्ट मिटले आणि ती ओढत राहिली. तिचे हात सोलवटले.

"केवढी मानी बाई!" काठावर कुजबुज झाली. "उगाच तिचा अपमान नको."

गाढवाचं तोंड चिखलाला टेकलं, तेव्हा तिचा धीर सुटला. "अरे, कुणीतरी हात लावा रे!"

वीस माणसं एकदम चिखलात उतरली. गाढव बाहेर निघालं, पण त्याचा श्वास थांबला होता.

दोरखंडवाला रडवेला होऊन म्हणाला, "आज्जे, एवढं बोलायला इतका वेळ का लावलास गं?"

म्हातारी तिथेच चिखलात बसली. "लेकरा, तुला दिसत होतं ना? मग मी बोलायला कशाला हवं होतं?"

त्या दिवशी खालच्या गावाने न विचारता तिची मडकी डोक्यावर घेतली आणि डोंगर चढला. म्हातारी मागून चालत राहिली, हातात नुसता दोर घेऊन.

तात्पर्य: बुडणाऱ्याने आधी हाक द्यावी, बघणाऱ्याने आधी हात द्यावा; रीत मागाहूनही पाळता येते.