जे टिकेल त्यात

"ते सगळं खरं, बुवा. पण दोन्हींतलं टिकणार कुठलं?"

गोसावीबुवांनी कळशी खांद्यावर घेतली आणि मठाच्या पायऱ्या उतरून ते झऱ्याकडे निघाले. शाल्मली मागोमाग निघाली.

पठारावर धुकं उतरलं होतं. हात लांब केला तर बोटं पुसट दिसावीत इतकं.

शाल्मली एका गुंतवणूक निधीत नोकरीला होती. खेडोपाडी बिनतारी इंटरनेट पोचवायची दोन तंत्रं बाजारात झुंजत होती. एकाचं यंत्र दुसऱ्यावर चालत नव्हतं. निधीनं कुठल्या बाजूला उतरायचं, यावर समितीत सरळ दोन तट पडले होते. आज संध्याकाळच्या बैठकीत तिचं मत ज्या बाजूला, निर्णय त्या बाजूला. म्हणून ती बुवांना विचारायला मठात आली होती.

आणि पैसा होता नर्सबायांच्या म्हातारपणाचा. त्यांतलीच एक तिच्या बाळंतपणात रात्रभर तिचा हात धरून बसली होती.

अहवाल तिनं सगळे वाचले होते. पहिला वाचला की पहिला पटायचा. दुसरा वाचला की दुसरा. लेकीला वरचं खाणं काय द्यावं, यावरही तिचं असंच व्हायचं, आणि तेवढ्यात लेक भिंतीचा पोपडा खाऊन मोकळी व्हायची.

"त्यातलं चांगलं कुठलं?" बुवांनी चालता चालता विचारलं.

"दोन्ही चांगली आहेत. एक स्वस्त, एक वेगवान."

"मग भांडण कशाचं?"

"टिकेल कुठलं, याचं."

"टिकेल कुठलं?"

"ज्यात सगळे पैसे घालतील ते."

"सगळे कशात घालणार?"

"जे टिकेल त्यात."



आपण काय बोललो ते शाल्मलीला ऐकू आलं. तिनं घाईघाईनं सावरलं. "तसं नाही हो. मोठे निधी आहेत ना... ते कुठं जातात, तिकडे आमचं लक्ष असतं."

"आणि मोठ्यांचं?"

"ते... बाजाराकडे बघतात."

"बाजार म्हणजे?"

"म्हणजे... आम्हीच."

...

दोघं चालत राहिली. बोलण्याच्या भरात ती बुवांच्या बरोबरीला आली होती. ते वळले की ती वळत होती. ती वळली की ते वळत होते. पायाखालचं ओलं गवत संपून कातळ लागला, पुन्हा गवत लागलं.

"बुवा, झरा एवढा लांब आहे?"

"छे. मठाच्या मागेच तर आहे."



"मग पाण्याचा आवाज कसा नाही?"

"मीही तोच विचार करतोय."

"म्हणजे... आपण वाट चुकलो?"

"चुकलो असू."

"असू? अहो, तुम्ही रोज येता ना इथं!"

"रोज येतो."

"आणि या पठाराला कडा आहे म्हणालात मघाशी!"

"आहे. खोल आहे."

शाल्मली जागच्या जागी थिजली. पुढचं पाऊल टाकावं की मागचं, कळेना. "बुवा, मी डोळे झाकून तुमच्या भरवशावर चालत होते हो! मला वाटलं, तुम्हाला दिसतंय..."

बुवांनी कळशी खाली ठेवली. खांदा चोळत ते तिच्याकडे बघत राहिले.

"आणि मी म्हटलं, बाई एवढी ठाम पावलं टाकतेय, म्हणजे हिला झरा दिसला असणार."