सावळी नदीकाठी अडली

एका डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावच्या पेठेत एक घोडेवाला राहत होता. त्याच्याकडे घोडी जास्त आणि जागा कमी, असा सगळा मामला होता. जास्त म्हणजे तरी किती? तीनच. पण घर इतकं चिंचोळं, की नवरा-बायको आत जेवायला बसली की घोड्यांची तोंडं रस्त्यावर यायची.

सावळी नावाची घोडी, फाकडा नावाचा तरणा घोडा आणि ढब्बू नावाचं तट्टू. या तिघांच्या पाठीवर गूळ, मीठ, डाळी लादून घोडेवाला नदी ओलांडायचा, घाट चढायचा आणि वरच्या गावांना माल पोचवून दिवेलागणीला परत यायचा. कामाला तिघंही चोख. खोड एकच. दारावरून कुणी खाण्याचं काही घेऊन गेलं की तिघांच्या माना पुढे व्हायच्या. फाकड्याने एकदा कुणाच्या तरी व्याह्यांच्या पागोट्याचा शेमला चघळला होता. ढब्बूचं लक्ष समोर बसणाऱ्या भाजीवाल्या म्हातारीवर असायचं. म्हातारीने जांभई दिली, की टोपलीतला एक मुळा कमी झालाच म्हणून समजा.

"अरे घोडेवाल्या, आवर तुझी पोरं!" म्हातारी ओरडायची. "नाहीतर उद्यापासून याच्या पाठीवरच दुकान मांडते. मग बघू मान किती वळते ती!"

घोडेवाला हात जोडायचा, मुळ्याच्या बदल्यात तिचं ओझं उचलून द्यायचा आणि मग घरात येऊन पोट धरून हसायचा. माणूस मोठा हौशी आणि बोलघेवडा. पहाटे उठला की खरारा घेऊन आधी सावळीपाशी जायचा. तिचं अंग घासायचा, अयाळ विंचरायचा आणि विंचरता विंचरता तिला गावभरच्या बातम्या सांगायचा. कुणाची म्हैस व्याली, कुणाकडे पाहुणे येऊन जायचं नाव घेत नाहीत, पाटलांनी नवा जोडा कसा चिखलात घातला. सावळी कान टवकारून ऐकायची. बातम्या संपेपर्यंत चंदीला तोंड लावायची नाही. अयाळीला तर ती दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे. घोडेवाल्याच्या बायकोने एकदा फणी घेऊन प्रयत्न केला, तेव्हा सावळीने तिचा पदर दातांत धरला आणि तिला अगदी अदबीने दाराबाहेर नेऊन सोडलं.

या सावळीला भीती फक्त एका गोष्टीची, ती पाण्याची. शिंगरू असताना पुरात सापडली होती ती. त्यामुळे नदी ओलांडताना घोडेवाला पुढे चालायचा आणि त्याचं तोंड एक क्षणभर मिटायचं नाही. त्या आवाजाच्या मागून सावळी निमूट पाण्यात उतरायची आणि सावळीच्या मागून बाकीचे दोघे.

"माझ्याशी चार शब्द बोलायचे तर तुमची जीभ दुखते," बायको म्हणायची, "आणि घोडीला अख्खं पुराण ऐकवता!"

"ती मध्ये बोलत नाही ना," तो म्हणायचा. बायको लटकंच रागवायची आणि मग चुलीपाशी बसून तो तिलाही सगळं पुराण पहिल्यापासून सांगायचा.

असं छान चाललं होतं. पण घोडेवाल्याच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती. आपल्या जनावरांना पाय मोकळे करायला जागा नाही. तर व्हायचं काय, नदीपलीकडे एक मोठं माळरान विकायला निघालं. गवत भरपूर, बाजूला विहीर, मध्ये एक डेरेदार आंबा. घोडेवाल्याने गाठीला होतं नव्हतं ते सगळं घातलं आणि ती जागा घेतली. त्या दिवशी तो सावळीच्या गळ्यात पडून म्हणाला, "बघच तू आता. राजाच्या घोड्यांना नसेल अशी पागा बांधतो तुला!"

आणि तो कामाला लागला. माल वाहायचं काम त्याने तेवढ्यापुरतं थांबवलं. कोंबडं आरवायच्या आत निघायचा, रात्री जेवायला परतायचा. जमीन सपाट केली, कुंपण घातलं, भिंती उठल्या. मग छप्पर. मग गव्हाणी. पागेला लागूनच दोघांना राहायला नवं घरही. त्याच्या खांद्यावर सदा मोजायची दोरी आणि डोक्यात सदा मापं. बायको भाकरी वाढायची तर तो भाकरीकडे बघून म्हणायचा, "एवढीच रुंद खिडकी ठेवली तर?" झोपेत कूस बदलता बदलता सुद्धा तो गवंड्याला ओरडायचा.

घरची घोडी आता बायको बघायची. दाणा, पाणी, शेण, नदीकाठी चरायला नेणं, सगळं ती करायची. पण सावळी पहाटे त्याची वाट पाहायची. त्याची चाहूल लागली की हळूच खिंकाळायची. तो लगबगीने बाहेर यायचा, जाता जाता तिच्या पाठीवर एक थाप मारायचा आणि दोरी घेऊन निघून जायचा. पुढे पुढे ती थापही राहिली. मग सावळीने खिंकाळणं सोडलं. आणि एके दिवशी ती दाराकडे पाठ करून उभी राहिली.

बायकोने ते पाहिलं. रात्री ती म्हणाली, "अहो, सावळीच्या अयाळीत गोखरूचे काटे अडकलेत. मला हात लावू देत नाही. उद्या जरा बसा तिच्यापाशी."

"हो, हो," घोडेवाला म्हणाला. "अगं, गव्हाणीला कडा लाकडी बऱ्या का दगडी?"

चार दिवसांनी तिने पुन्हा सांगितलं. तेव्हा मात्र तो चिडला. "आता माझ्याकडे वेळ आहे का? मी हे सगळं करतोय कुणासाठी? तिच्यासाठीच ना? आणि तुझ्यासाठी? एकदा नवी पागा बघू दे तिला, बघ कशी खूश होते!"

"बरं," बायको म्हणाली. "घोडामैदान जवळच आहे." आणि तिने दिवा मालवला.

अखेर सगळं तयार झालं. जोशीबुवांनी मुहूर्त काढून दिला. ऊन डोक्यावर यायच्या आत घोड्यांनी नव्या जागेत पाऊल टाकायचं आणि मग जेवणाची पंगत बसायची. सारा गाव जेवायला बोलावलेला. सामानाच्या गाड्या सकाळीच पुढे गेल्या. पागेला तोरण लागलं, पुरणाच्या वासाने माळ भरून गेला. आता मागे राहिली ती घोडेवाल्याची बायको, देव्हाऱ्यातले देव टोपलीत घेऊन, आणि ही तीन घोडी.

घोडेवाला त्यांना न्यायला आला तो नवी पगडी, नवा सदरा घालून, पण घामाघूम. त्याच्या डोक्यात पंगत, पत्रावळी आणि मुहूर्त यांची नुसती खिचडी झाली होती. त्याने एक अक्षरही न बोलता सावळीची दोरी धरली आणि भराभर चालू लागला. नदीवर आला, पाण्यात उतरला.

दोरी ताणली गेली. सावळी काठावर थांबली होती.

त्याने ओढलं. सावळीने चारी पाय वाळूत रोवले. त्याने अजून जोरात ओढलं. तिने मान वर केली, आणि नवी पगडी घातलेला घोडेवाला पाण्यात बसला. पाणी गुडघाभरही नव्हतं. पण सदऱ्याचं व्हायचं ते झालं.

त्याने फाकड्याला पुढे काढून पाहिलं. फाकडा सावळीकडे बघायचा आणि मागे सरायचा. ढब्बू तर चक्क बसलाच.

पलीकडच्या काठावर वाट पाहून पाहून गाव गोळा झालं. आणि गाव गोळा झालं म्हणजे सल्ल्याला काय तोटा?

"डोळे बांध तिचे!" एक जण ओरडला.

"मागून ढकला!" दुसरा म्हणाला. पण स्वतः यायला काही तो पुढे झाला नाही.

"मुळा दाखव रे त्या तट्टाला!" भाजीवाली म्हातारी ओरडली. "मुळ्यासाठी तो समुद्र ओलांडेल!"

पाटील मात्र स्वतः नदी ओलांडून आले. त्यांनी आपला चाबूक घोडेवाल्याच्या हातात दिला. "चढेल झालीय ती. दोन ओढ, नीट येईल. मुहूर्त टळतोय, पंगत खोळंबलीय. सगळ्या गावापुढे घोडीकडून हार खाणार का?"

घोडेवाल्याचा चेहरा लाल झाला. इतके महिने हाडाची काडं केली, ती काय या दिवसासाठी? त्याने चाबूक घट्ट धरला आणि तो सावळीसमोर आला.

सावळी हलली नाही. तिने नुसती मान वळवली आणि ती दुसरीकडे बघू लागली. मान वळली तशी तिची अयाळ त्याच्या समोर आली. ज्या अयाळीवरून त्याचा हात रेशमासारखा घसरायचा, तिच्या जटा झाल्या होत्या. ठिकठिकाणी गोखरू रुतले होते. काही जागी घासून घासून कातडी सोलवटली होती.

"हे... हे कधी झालं?" त्याने बायकोला विचारलं.

"मी सांगितलं होतं," बायको हळू आवाजात म्हणाली. "दोनदा."

घोडेवाल्याला गव्हाणीच्या कडा आठवल्या. दगडी घातल्या होत्या त्याने, चांगल्या घोटून गुळगुळीत केलेल्या. त्याला स्वतःची लाज वाटली. इतकी, की मान वर करून गावाकडे बघवेना.

पलीकडून जोशीबुवा ओरडले, "अहो, शेवटची घटका राहिली! पुन्हा असा मुहूर्त या वर्षात नाही!"

"टळू द्या, जोशीबुवा," घोडेवाला म्हणाला. "तुम्ही सगळे जेवून घ्या. पुरणपोळ्या गार करू नका. आम्हाला उशीर होईल."

त्याने पाटलांचा चाबूक पाटलांना परत दिला. सावळीच्या गळ्यातली दोरी सोडून टाकली. मग तो तिच्याजवळ वाळूत उभा राहिला आणि एकेक गोखरू हलक्या हाताने काढू लागला. पहिल्यांदा हात लागला तेव्हा सावळीने अंग चोरलं. तो थांबला. मग पुन्हा हात लावला आणि बोलू लागला.

"चुकलं बाई माझं," तो म्हणाला. "तुला काही सांगितलंच नाही ना मी इतक्या दिवसांत? ऐक. तो गवंडी आहे ना, चुन्याच्या खड्ड्यात पडला. पांढराफटक होऊन घरी गेला, तर त्याच्याच कुत्र्याने त्याला आळीच्या टोकापर्यंत पळवलं. आणि सुतार! त्याने दार इतकं देखणं केलं, इतकं देखणं केलं, की आतून गच्च बसवून टाकलं आणि मग ते उघडेचना. खिडकीतून ओढून काढला त्याला मी!"

टोपली मांडीवर घेऊन बायको वाळूत बसली होती. ती खुदकन हसली. "हे मला कुठे सांगितलंत तुम्ही?"

घोडेवाला थबकला. "नाही सांगितलं?"

"मला तुम्ही इतके महिने फक्त मापं सांगितलीत," बायको म्हणाली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

मग घोडेवाला दोघींना सांगत सुटला. विहिरीत पडलेली बादली, कुंपणात अडकलेला कोल्हा, भिंत तिरकी झाली म्हणून तिरकं उभं राहून मापं घेणारा गवंडी. पाटील जायला निघाले होते, तेही बाजूच्या दगडावर टेकले. फाकडा जवळ सरकला. ऊन डोक्यावर आलं आणि कलू लागलं. जटा सुटत गेल्या. सावळीचे कान आधी मागे होते, ते एकेक करून पुढे झाले. शेवटचा गोखरू निघाला तेव्हा तिने एक लांब सुस्कारा टाकला आणि आपली हनुवटी त्याच्या खांद्यावर ठेवली.

घोडेवाल्याने तिला काही ओढलं नाही, हाकही मारली नाही. गोष्ट अर्धी होती, ती सांगत सांगतच तो पाण्यात उतरला. मागे छपछप आवाज झाला. सावळी येत होती. तिच्यामागे फाकडा. त्याच्यामागे ढब्बू, आणि ढब्बूच्या मागे टोपली डोक्यावर घेऊन बायको. सगळ्यात शेवटी पाटील, एका हातात चाबूक आणि दुसऱ्या हातात जोडे धरून.

माळावर पोचेपर्यंत पंगती उठल्या होत्या. "वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच बरं का!" गाव हसून हसून बेजार झालं. घोडेवालाही हसला. सावळीने नवी पागा आतून पाहिली. दगडी गव्हाण हुंगली. मग शांतपणे बाहेर आली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथून माणसांची बोलणी ऐकू येतात, तिथे जाऊन उभी राहिली; फाकडाही तिच्यामागून तिथेच. मोठी कौतुकाची पागा पहिल्याच दिवशी ढब्बूने एकट्याने वापरली.

गाव घरी गेलं. उरलेल्या दोन पोळ्या घेऊन नवरा-बायको नव्या चुलीपाशी बसली. घोडेवाल्याने आपली अर्धी पोळी तिच्या पानात वाढली. मग म्हणाला, "मी तुला एकदाही विचारलं नाही. या घरात तुला काय हवं होतं?"

बायको जरा लाजली. "चूल खिडकीपाशी हवी होती. बाहेरचं दिसलं असतं."

घोडेवाल्याने कपाळावर हात मारला. चूल त्याने पार कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून घातली होती. "उद्याच पाडतो ही! नवी घालतो! अशी घालतो, की..." आणि तो उठून मोजायची दोरी शोधू लागला.

बायकोने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. "राहू द्या चूल आहे तिथे," ती म्हणाली. "तुम्ही रोज इथे येऊन बसत जा, तेवढं पुरे."

तात्पर्य: ज्यांच्यासाठी आपण राबतो, त्यांच्यापाशी बसायला आधी वेळ काढावा, घर मागाहून बांधता येतं.