पाऊण घोडाही नाही

विहिरींवर नुकतेच विजेचे पंप आले होते, तेव्हाची ही गोष्ट. एका मळ्यातल्या विहिरीवर दोन पंप शेजारी शेजारी बसवले होते. एकाच्या अंगावर लिहिले होते '१ अश्वशक्ती', दुसऱ्याच्या अंगावर '५०० वॅट'. वीज एका वेळी एकालाच मिळे, आणि पंप चालवणारे मळ्यातले माकड झाडावरच्या कावळ्याच्या सल्ल्याने ती नेहमी पाचशेवाल्यालाच जोडी. "कुठे पाचशे आणि कुठे एक," कावळा म्हणे. ते ऐकून पाचशेवाला फुगून जाई.

एके दुपारी पाट फुटला आणि पाणी धो धो विहिरीत कोसळू लागले. आतल्या कपारीत पारवीची पिल्ले होती, अजून पंखही न फुटलेली. माकडाने धावत येऊन पाचशेवाल्याला जोडले. तो जीव तोडून उपसू लागला, तरी पाणी चढतच राहिले.

"पाचशेदादा, सगळी भिस्त तुमच्यावर आहे," पारवी म्हणाली.

पाचशेवाल्याचे अंग तापले. कारखान्यात ऐकलेला हिशेब त्याला पक्का ठाऊक होता, पण मान मिळत होता म्हणून तो आजवर गप्प बसला होता. पाणी घरट्याच्या काड्यांना टेकले.

"माकडा, मला काढ, त्याला लाव," तो ओरडला. "एका अश्वशक्तीत सातशे सेहेचाळीस वॅट असतात. मी पाऊण घोडाही नाही."

माकडाने जोडणी बदलली. पाणी थबकले, मग बोट बोट उतरू लागले.

तेव्हापासून कोणी मोठा आकडा सांगितला, की कावळा मान वाकडी करून आधी विचारतो, "आकडा कळला. पण कशाचा?"